साहसविडंबनपट

साहसपट, युद्धपट इत्यादींतील रूढ संकेतांचे अतिशयोक्तीने विडंबन करणारा विनोदी चित्रपटप्रकार. त्याची मुळे मूकपटांच्या आरंभकाळात आढळतात. अमेरिकन दिग्दर्शक एडविन एस. पोर्टर याने द ग्रेट ट्रेन रॉबरी (१९०३) या आपल्याच गाजलेल्या चित्रपटाचे, लहान मुलांना घेऊन, द लिटल ट्रेन रॉबरी (१९०५) हे विडंबन काढले.

जिम एब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी झकर यांच्या एअरप्लेन ! (१९८०) या चित्रपटाने या प्रकारास नवे वळण दिले. त्यात झीरो अवर ! (१९५७) या विमानसंकटावरील गंभीर चित्रपटाचे कथानक घेतले असून, रॉबर्ट स्टॅक, लेस्ली नील्सन इ. गंभीर भूमिकांबद्दल प्रसिद्ध असलेल्या नटांनी हास्यास्पद संवाद पूर्ण गांभीर्याने म्हटले आहेत. एब्राहम्सच्या हॉट शॉट्स ! (१९९१) मध्ये टॉप गनची (१९८६), तर त्याच्या दुसऱ्या भागात (१९९३) रॅम्बो चित्रपटमालेची थट्टा आहे. या भागात नायकाने मारलेल्या शत्रूंची वाढती संख्या पडद्यावर आकड्यांत दाखविली जाते. मूळ चित्रपटांत शौर्य म्हणून भासणारा संहार त्यामुळे निव्वळ हिशेब ठरतो.

अजिंक्य नायकाचे आकर्षण आणि त्याच्या असंभाव्यतेची जाणीव ही दोन्ही प्रेक्षकाच्या मनात एकत्र नांदतात. विडंबन त्यांना एकाच वेळी वाट करून देते. मात्र केवळ संदर्भांवर विसंबणारे विडंबन मूळ कृतीबरोबरच विस्मृतीत जाते. झीरो अवर ! मागे पडूनही एअरप्लेन ! टिकून राहिला, तो त्यातील विनोदाच्या स्वतंत्र सामर्थ्यामुळे.