मधुमालती

मधुमालती (काँब्रेटम इंडिकम) : कुंपण, फाटक किंवा गच्चीच्या कठड्यावर चढवतात ती सुवासिक फुलांची, बहुवर्षायू काष्ठमय वेल. अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा हे वृक्ष ज्या काँब्रेटेसी कुलातले, त्यातच ही मोडते. आफ्रिका व आशियाचा उष्ण प्रदेश हे तिचे मूळस्थान. लिनिअसने १७६२ मध्ये तिला क्विस्क्वालिस इंडिका म्हटले. जुन्या पुस्तकांत हेच नाव सापडते. माधवीलता, म्हणजे हळदवेल, ही निराळ्या कुलातली वेल आहे. दोघींची गल्लत करू नये.

कोवळेपणी मधुमालती झुडपासारखी वाढते, मग लांब, लवचीक फांद्या सोडून आधार शोधते. आधाराला विळखा घालणारे ताणे तिला नसतात. पान गळाले की देठाचा खालचा भाग फांदीवरच राहून कडक होतो, आणि अशा बोथट आकड्यांनी अडकत अडकत ती वर जाते. छाटणी करताना हाताला ओरखडे पडतात ते याच आकड्यांचे.

फुलाची नळी साधारण ५ ते ७ सेंमी. लांब, टोकाला पाच पाकळ्या. कळी तिन्हीसांजेला उमलते तेव्हा फूल पांढरे आणि आडवे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लाल होऊन खाली झुकते. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे. वास रात्री भरून येतो आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग नळीच्या तळाचा मध घेतात. दिवसा मधमाश्या आणि शिंजीर येतात. चीनमध्ये हिच्या बिया जंतांवर औषध म्हणून वापरतात, परंतु जास्त झाल्यास उचक्या व वांत्या होतात. घरी हा प्रयोग करू नये.

आपल्याकडे बागेतल्या वेलीला फळ क्वचितच धरते, म्हणून ती एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाते ती बहुधा फुटव्याने. मागणाऱ्याला फांदी मोडून देण्याची रीत आहे. पण नुसती फांदी पुष्कळदा सुकते, आणि मग आपला हात लागत नाही असे म्हणून माणूस नाद सोडतो. देणाऱ्याने थोडी मेहनत घ्यावी. पावसाळ्याच्या सुरुवातीला, जमिनीत वाफसा असताना, बुंध्याभोवतीचा हात-दीड हात उंचीचा फुटवा निवडावा. भोवतीची माती खोलवर मोकळी करून मायवेलीकडचे मूळ धारदार हत्याराने एका घावात तोडावे आणि फुटवा मातीच्या हुंडीसह उचलावा. हुंडी ओल्या गोणपाटात बांधावी, मोठी पाने अर्धी कापावीत. फुटवा नसेल तर दाब कलम करावे : जमिनीलगतची फांदी वाकवून, सालीला खालून काप देऊन मातीत दाबावी, वर दगड ठेवावा, आणि मुळे धरल्यावरच तोडावी.

रोपासोबत माहितीही द्यायला हवी. ही वेल सहा-आठ मीटर सहज जाते, अर्धा दिवस तरी ऊन मागते, आणि तिच्या भाराने हलकी जाळी वाकते. सदनिकेच्या सावलीतल्या गॅलरीसाठी कोणी मागितली तर मन मोडून नाही म्हणावे आणि दुसरे लहान रोप द्यावे. मधुमालतीचे तिथे हालच होतात.

लावताना भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर ठेवावे, खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळावे, पाणी साचू देऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात आळे करून पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि पाणी चुकवू नये. पुढे ती बरीच काटक होते. फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून बहर ओसरल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस, जून व गुंतलेल्या फांद्या निर्धास्तपणे छाटाव्यात. छाटायला जीव होत नाही म्हणून वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली वेल खालून उघडी पडते आणि फुले फक्त शेंड्याला येतात. युरियाचा मारा केल्यास पाने माजतात, फुले कमी होतात. दर पावसाळ्यात येणारे फुटवे वेळीच काढावेत, नाहीतर शेजारची रोपे दबतात. त्यांतले निरोगी फुटवे पिशवीत लावून सावलीत ठेवले, की मुळे धरेपर्यंत ते आपल्या नजरेखाली राहतात आणि मागायला येणाऱ्याच्या हाती जगलेले रोप देता येते.