अंगाचा प्रशिक्षक आणि संघाचा प्रशिक्षक

नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज ही वस्ती लाकडाच्या वखारी व आरागिरण्या यांमुळे नावारूपास आली. आऱ्यावर उभा राहणारा निष्णात कारागीर एका ओंडक्यातून कमीत कमी तूट सोसून अधिकाधिक फळ्या काढतो. वखारीचा धनी मात्र कोणता माल घ्यावा, कोणता सोडावा आणि कोणास उधारी द्यावी हे ठरवितो. पहिल्याचे ज्ञान दुसऱ्यास उपयोगी पडते यात संशय नाही. तथापि आऱ्यावरचा हात सफाईदार आहे, एवढ्यावरून वखार त्याच्या हाती द्यावी असे ठरत नाही. क्रीडाक्षेत्रात मात्र हेच अनुमान सर्रास केले जाते. एखाद्याने चार गोलंदाज घडविले, की संघ त्याच्या स्वाधीन करावा अशी मागणी होते. या अनुमानास इतिहासाचा आधार कितपत आहे?

प्रश्न मूळचा अमेरिकन फुटबॉलमधला होय. त्या खेळात प्रत्येक जागेच्या खेळाडूंसाठी स्वतंत्र प्रशिक्षक असतो व त्या सर्वांवर मुख्य प्रशिक्षक. अँडी रीड हे १९९९ मध्ये ग्रीन बेच्या क्वार्टरबॅक खेळाडूंचे प्रशिक्षक असता एकदम फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक झाले व पुढे कॅन्सस सिटीकडून त्यांनी तीन अजिंक्यपदे मिळविली. जिम झॉर्न हेही त्याच जागेचे प्रशिक्षक. २००८ मध्ये ते वॉशिंग्टनचे प्रमुख झाले आणि दोन हंगामांत १२ विजय व २० पराभव पदरी घेऊन पायउतार झाले. दोघांच्या पूर्वीच्या कामाचे नाव एकच, फळे मात्र भिन्न. तेव्हा पूर्वीच्या हुद्द्यावरून भाकीत करण्याची सोय येथेच संपते.

भारतीय क्रिकेटमध्ये ही शिडीच मुळी अलीकडची आहे. १९९२ ते १९९६ या काळात अजित वाडेकर राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक होते व मार्गदर्शनाचा बहुतेक भार त्या एकाच पदावर असे. २००७ च्या विश्वचषकातील अपयशानंतर व्यंकटेश प्रसाद यांजकडे गोलंदाजी व रॉबिन सिंग यांजकडे क्षेत्ररक्षण सोपविण्यात आले. अंगवार वाटणीचा हा व्यवहार राज्यसंघांतही रुळला. अर्थात् पुरावा थोड्या वर्षांचा आहे, हे विसरता कामा नये.

विदर्भाचा २०१७-१८ चा हंगाम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९५७-५८ पासून रणजी करंडक स्पर्धेत खेळणाऱ्या या संघाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, गोलंदाजीचे प्रशिक्षक सुब्रोतो बॅनर्जी. त्या हंगामात रजनीश गुरबाणी याने ३९ बळी घेतले. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकास १९८ धावा हव्या असता त्याने ६८ धावांत ७ गडी टिपले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात त्याने त्रिक्रमही साधला. या बळींचे श्रेय कोणाकडे जाते? चेंडूची दिशा व टप्पा यांवर घेतलेली मेहनत बॅनर्जी यांच्या क्षेत्रातील. पण पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडलेल्या संघाने धीर सोडू नये ही चिंता पंडितांची. धावफलकात या दोहोंची वेगळी नोंद होत नाही. अंगाच्या प्रशिक्षकाचे ‘यश’ म्हणून जे पुढे मांडले जाते, ते बहुधा अशाच मिश्र साधनांतून उचललेले असते. यशाचाच निर्णय संदिग्ध, तर त्यावर उभारलेले भाकीत किती भक्कम असणार?

बीडचे संजय बांगर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१४ ते २०१९ ते राष्ट्रीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होते. २०१६ च्या झिंबाब्वे दौऱ्यात व २०१७ मध्ये अनिल कुंबळे यांनी पद सोडल्यावर वेस्ट इंडीजमध्ये संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. दोन्ही ठिकाणी एकदिवसीय मालिका भारताने जिंकल्या. वरवर पाहता प्रश्नाचे उत्तर होकारार्थी मिळाले. परंतु हे दौरे अल्पकालीन होते. पडत्या काळात कोणास वगळावे आणि त्याचा रोष कसा सोसावा, ही कसोटी आठवड्यांत लागत नाही. बंगळुरूच्या आयपीएल संघाचे ते फलंदाजी सल्लागार होते व नंतर मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा २०२२ मध्ये संघ दुसऱ्या पात्रता सामन्यापर्यंत पोहोचला, २०२३ मध्ये मात्र सहाव्या क्रमांकावर राहिला. यावरून बांगर यांच्या योग्यतेविरुद्ध निर्णय देणे अन्यायाचे होईल. लिलावाने जमविलेल्या संघात प्रशिक्षकाचा अधिकार मर्यादितच असतो. तात्पुरत्या कारभारातील यश हा कायम कारभाराचा पुरावा नव्हे, एवढेच त्यातून निघते.

उलट दिशेची वाटचालही ध्यानात घेतली पाहिजे. पारस म्हांब्रे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगालने २००५-०६ व २००६-०७ अशा लागोपाठ दोन रणजी अंतिम फेऱ्या गाठल्या. पुढे विदर्भाचेही ते प्रशिक्षक होते. असे असून २०२१ पासून राहुल द्रविड यांच्या हाताखाली त्यांनी गोलंदाजीचे काम पत्करले, ते २०२४ च्या टी-२० विश्वविजयापर्यंत. रमेश पोवार हेही डिसेंबर २०२२ मध्ये महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदावरून राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत फिरकी गोलंदाजीच्या कामाकडे वळले. ‘पदावनती’ हा शब्द येथे वापरण्याचा मोह टाळावा. ही दोन कामे एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत, हे गृहीतच तपासून घ्यावयास हवे.

पंडितांचा वृत्तांत याला पूरक आहे. मुंबई, विदर्भ व मध्य प्रदेश या तीन संघांना मिळून त्यांनी मुख्य प्रशिक्षक या नात्याने सहा रणजी विजेतीपदे मिळवून दिली. ते यष्टिरक्षक होते. यष्टीमागे उभ्या असलेल्या माणसास गोलंदाजाचा टप्पा, फलंदाजाचे पाय व क्षेत्ररक्षकांच्या जागा एकाच वेळी पाहाव्या लागतात. याची जोड अमेरिकेत सापडते. जॉन हारबॉ यांनी फिलाडेल्फियाच्या ‘विशेष तुकड्यां’चे प्रशिक्षण नऊ वर्षे केले. या तुकड्यांत संघाच्या सर्व भागांतील खेळाडू असतात, म्हणून त्यांचा प्रशिक्षक कोणा एका गटाचा राहत नाही. नंतर केवळ एक वर्ष बचावफळीचे काम करून ते २००८ मध्ये बाल्टिमोरचे प्रमुख झाले आणि २०१३ च्या फेब्रुवारीत विजेते ठरले. अंगाच्या प्रशिक्षकाने आपल्या अंगात किती यश मिळविले यापेक्षा, त्या कामात इतर अंगांच्या माणसांशी त्याचा कितपत संबंध आला, हे पाहणे अधिक फलदायी दिसते. क्रिकेटमध्ये अशी जागा क्षेत्ररक्षण प्रशिक्षकाची आहे, कारण अकराही खेळाडू त्याच्या हाताखालून जातात. मुख्य प्रशिक्षकाची निवड करताना मात्र त्याचे नाव क्वचितच पुढे येते.

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळील जामठा येथे केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेऊन विदर्भाने तिसरे रणजी विजेतेपद मिळविले. मुख्य प्रशिक्षक उस्मान गनी विदर्भाचेच माजी खेळाडू होते. कर्णधार अक्षय वाडकर यष्टिरक्षक होता, आणि इंदूरच्या २०१८ मधील अंतिम सामन्यात शतक झळकावणारा तोच.