‘यमुनापर्यटन’ आणि शालेय इतिहास-अध्यापन : लिंगभाव व अल्पसंख्याक अस्मितेच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने लिंगभावाचा प्रश्न सर्वच विषयांच्या अध्यापनाशी जोडला. तथापि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात विधवांचा प्रश्न बहुधा कायदे, सुधारक आणि सनावळी यांतच आटोपतो. ज्या स्त्रियांसाठी कायदे झाले, त्यांचे जगणे त्यात दिसत नाही. ही उणीव कादंबरी कितपत भरून काढू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीचे स्वरूप :
बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केली. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. यमुना व तिचा पती विनायक यांना प्रवासात ठिकठिकाणी विधवा भेटतात. केशवपन, उपेक्षा आणि परावलंबन यांच्या हकिकती त्यातून उलगडत जातात. पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते.

कायदा आणि वास्तव :
विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे कादंबरीच्या केवळ एक वर्ष आधीचा. या कायद्याने पुनर्विवाह वैध ठरवला. परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील वारसाहक्क गमवावा लागे. कायद्याची कलमे आणि कादंबरीतील हकिकती शेजारी ठेवून वाचल्यास, कायदा होऊनही समाज का बदलला नाही, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतात.

अल्पसंख्याक दृष्टी :
या कादंबरीवर प्रचारकी असल्याचा आक्षेप घेतला गेला आहे व तो निराधार नाही. यमुनेची सुटका धर्मांतरात दाखविण्यामागे लेखकाचा धार्मिक हेतू उघड आहे. मात्र तेवढ्यावरून ती वर्गाबाहेर ठेवणे म्हणजे एका अल्पसंख्याक मराठी लेखकाचा आवाज इतिहासातून वगळणे होय. येथे हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीशी तुलना उपयुक्त ठरते. तिच्या नायिकेचेही नाव यमुनाच आहे. परंतु तिच्यावर सक्तीने केशवपन लादले जाते आणि तिला सुटकेची वाट सापडत नाही. एकाच प्रश्नाकडे समाजाच्या आतून आणि त्याचा धर्म सोडलेल्याच्या नजरेने पाहणाऱ्या या दोन कृती आहेत. हे कोण सांगतो, कोणाला उद्देशून सांगतो आणि काय गाळतो, हे तीन प्रश्न दोन्ही कृतींना सारख्याच कठोरपणे विचारावयास हवेत. विशेषतः दोन्ही यमुना पुरुष लेखकांनी घडविल्या आहेत, हे विसरता कामा नये. म्हणूनच मुक्ता साळवे यांचा १८५५ चा निबंध आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) ही स्त्रियांची लेखने त्यांच्या जोडीला असणे अगत्याचे आहे.

समारोप :
कादंबरी हा इतिहासाचा पुरावा आहे, पण तो घटनांचा नव्हे; त्या काळी काय बोलता येत होते व काय कल्पिता येत होते, याचा आहे. हा भेद शिक्षकाने स्पष्ट न केल्यास वर्गातील एखाद्या ख्रिस्ती विद्यार्थ्यावर आपल्या धर्माची कैफियत मांडण्याची वेळ येईल. तो स्पष्ट केल्यास मात्र तोच विद्यार्थी मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळात आपलेही पूर्वज लिहिते होते, हे जाणून घेईल.