पांगुळगाडा, लंगडी आणि पळण्याचे यंत्र

१/
१२ जून १८१७. जर्मनीतील बाडेन राज्याच्या मानहाइम शहरातून एक वनाधिकारी लाकडी दुचाकीवर स्वार होऊन बाहेर पडला. यंत्राला ना पेडल होते, ना साखळी. पायांनी जमीन मागे रेटत त्याने श्वेत्सिंगेनच्या वाटेवरील टपालचौकी गाठली आणि तासाभराच्या आत तो परतला. दुसऱ्याच दिवशी, १३ जूनला, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने एल्फिन्स्टनच्या दडपणाखाली तहावर शिक्का उमटवला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. काळाचा अदमास यावा एवढ्यासाठीच त्या शेजारी मांडल्या. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला तर १८१२ सालीच कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले होते.

२/
त्या वनाधिकाऱ्याचे नाव कार्ल द्राइस. आपल्या यंत्राला तो ‘लाउफमशीन’ म्हणे, म्हणजे पळण्याचे यंत्र. आज दोन-तीन वर्षांच्या मुलांना जी ‘बॅलन्स बाइक’ आणून दिली जाते, ती याच यंत्राची धाकटी आवृत्ती होय. जर्मन भाषेत तिला अजूनही ‘लाउफराड’, पळण्याचे चाक, असेच म्हणतात.

३/
द्राइसला ही कल्पना का सुचली? १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, ओट महागले, घोडे पोसणे जड झाले आणि म्हणून घोड्याविना चालणारे वाहन जन्मले, अशी एक कथा सांगितली जाते. कथा देखणी आहे. परंतु द्राइस १८१३ पासूनच मनुष्यबळावर चालणारी चारचाकी करून पाहत होता, हे विसरता कामा नये. ज्वालामुखीने फार तर घाई केली असेल.

४/
लोक हसले. पदपथांवर ही गाडी चालवण्यास अनेक शहरांनी बंदी केली. पुढे १८४८-४९ च्या क्रांतीत द्राइसने लोकशाहीची बाजू घेऊन आपली सरदारकी टाकून दिली; क्रांती मोडली, निवृत्तिवेतन गेले, आणि १८५१ साली तो दारिद्र्यात वारला.

५/
आता खरे कोडे. पेडल लावलेली दुचाकी पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात अवतरली. पिएर लालमाँ याचे अमेरिकी पेटंट १८६६ चे. चाकाला दांडा जोडण्याची युक्ती तर शिकलगाराच्या सहाणेलाही ठाऊक होती. मग जवळजवळ अर्धशतक का जावे लागले? इतिहासकारांनी दिलेले एक उत्तर पटण्यासारखे आहे: दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलण्याची प्रौढांना भीती वाटत होती. अडचण लोखंडाची नव्हती, विश्वासाची होती.

६/
हीच अडचण प्रत्येक लहान मुलापुढे नव्याने उभी राहते. तिच्यावर कोकणाने काय उपाय काढला, हे पाहण्यासाठी सावंतवाडीच्या चितारआळीत शिरावे. लाकडी फळे, भाटुकली, रंगीत पाट यांच्या जोडीने तिथे पांगुळगाडा मिळतो. पांगाऱ्याचे हलके लाकूड, वर झळझळीत रंग, तीन चाके आणि धरायला उभी चौकट. संस्थानच्या आश्रयाने ही कला वाढली. गंजिफा लोप पावू लागल्या तेव्हा शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चित्रकारांना बसवून ती विद्या पुन्हा उभी केली, हे अनेकांना माहीत असते. पांगुळगाड्याला असा कोणी पुनरुद्धारक लागला नाही. घरोघरी पोरे होत होती आणि ती चालायला शिकत होती.

७/
पांगुळगाडा आणि हल्लीचा प्लॅस्टिकचा वॉकर एक नव्हेत. वॉकरमध्ये मूल बसते आणि अधांतरी पायांनी घरभर धडकत फिरते. जिन्यावरून कोसळण्याच्या धोक्यामुळे कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. भार त्याचा त्यालाच पेलावा लागतो. तरीही गाडा तीन चाकांचा. तो चालणे शिकवतो, तोल शिकवत नाही, कारण तो स्वतः कधी कलतच नाही.

८/
तोल शिकवला लंगडीने. भारतात १९४९ नंतर टीआय, ॲटलास, हीरो अशा कारखान्यांच्या सायकली खेड्यापाड्यांत पोहोचू लागल्या. त्या मोठ्या माणसांसाठी होत्या: २८ इंची चाके, उंच दांडी. लहान मुलांची सायकल ही चैनीची वस्तू. मग शाळकरी पोर तासाच्या भाड्याने मोठीच सायकल आणी, डावा पाय डाव्या पेडलवर ठेवी आणि उजव्या पायाने जमीन मागे रेटत जाई. ही लंगडी. चार-पाच रेटे दिले की उजवा पाय हवेत, आणि सायकल निमूटपणे घसरत पुढे. द्राइसने मानहाइमच्या रस्त्यावर केले ते नेमके हेच.

९/
लंगडी जमली की कैची. उजवा पाय दांडीखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पेडलवर, डावा हात हँडलवर, उजव्या हाताचा विळखा दांडीला किंवा सीटला. शरीर एका अंगाला लोंबकळते, सायकल दुसऱ्या अंगाला कलते, आणि दोघांच्या भांडणातून तोल साधतो. पेडल पुरते फिरत नाही, अर्धेच मागे-पुढे होते. कोणत्याही अभियंत्याने असे वाहन आखले नसते. परंतु ज्या पिढ्यांना त्यांच्या मापाची सायकल कोणी घेऊन दिली नाही, त्यांनी ही रीत शोधली आणि धाकट्यांच्या हाती दिली. गुडघे फुटले, जांभ्याच्या खडीचे कण कातडीत रुतले, भाड्याच्या पैशांसाठी घरी बोलणी बसली. दांडी नसलेली सायकल दुर्मीळ असल्यामुळे परकर-पोलक्यातल्या मुलींच्या वाट्याला ही शिकवणी फारच कमी आली, हेही नोंदवले पाहिजे.

१०/
पांगुळ आणि लंगडी: दोन्ही शब्द पायाच्या अधूपणाचे. शिकणाऱ्याला भाषेने आधी अपंग मानले आणि मग चालते केले.

११/
यामागचे विज्ञान थोडक्यात असे. सायकल ज्या बाजूला पडू लागते, त्याच बाजूला हँडल वळवले की चाके शरीराच्या खाली येतात आणि स्वार सावरतो. ही क्रिया शब्दांनी शिकवता येत नाही. ती कलण्याच्या अनुभवातूनच येते. मागे दोन आधारचाके लावलेली सायकल मुलाला कलूच देत नाही. म्हणून वर्षभर पेडल मारूनही ती चाके काढल्यावर मूल पहिल्या दिवसाइतकेच नवखे ठरते. लंगडीचा क्रम उलटा होता: आधी तोल, मग पेडल. १९९० च्या दशकात जर्मनीत लहान मुलांसाठी लाकडी बॅलन्स बाइक पुन्हा बाजारात आल्या, तेव्हा हाच क्रम नव्याने मान्य झाला.

१२/
मालवणच्या बाजूला आज ती आणणाऱ्या आईबापांनी जागेचा विचार आधी करावा. चिवला किंवा तारकर्लीच्या कोरड्या वाळूत चाक रुतते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू मात्र उत्तम. खारी हवा साखळीला गंज चढवते, पण या गाडीला साखळीच नाही. गावातली पाणंद उताराची आणि दगडांची, ती टाळावी. सर्वांत चांगले ते घरासमोरचे शेणाने सारवलेले खळे: सपाट, मऊ आणि पडले तरी आजीच्या नजरेतले.

१३/
सीट इतकी खाली असावी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतील आणि गुडघा किंचित वाकलेला राहील. मूल प्रथम सीटवर बसतच नाही, गाडी पायांमध्ये धरून नुसते चालते. चालू द्यावे. काही दिवसांनी ते टेकते, मग लांब टांगा टाकते, मग एके दिवशी दोन्ही पाय उचलते. मोठ्यांनी हँडल धरू नये, कारण तोल हँडलनेच सावरायचा असतो. फारच वाटले तर पाठीला हात असावा. नजर चाकाकडे नव्हे, समोर तुळशीवृंदावनाकडे. पाय उचलून वळण घेता येऊ लागले की पेडलची सायकल द्यावी, वय कितीही असो.

१४/
पावसाळ्यात हे सारे थांबते. खळे उखडते, अंगणात शेवाळ धरते. दिवाळीच्या सुमारास माती चोपून, सारवून खळे पुन्हा तयार होते. तोवर मूल चार महिन्यांनी वाढलेले असते, आणि सीट बोटभर वर घ्यावी लागते.