तांबडे घुमट, काळी पेटी

वाद्याची गोष्ट निघाली की आपण त्याच्या आवाजाविषयी बोलतो. तंबोऱ्याची जवारी कशी लागली आहे, पेटीचा सूर गोड आहे की कर्कश, मृदंगाचा धुम्मा खोल जातो की नाही, याचीच चर्चा होते. मध्येच कोणी रंगाचे नाव काढले तर जाणकार हसतात. रंगाला काय करायचे आहे, सूर बघा, असे सांगतात. पण याच जाणकारांना नवी पेटी घ्यायला दुकानात नेऊन बघावे. बोटे पट्ट्यांवर जाण्याआधी नजर पेटीच्या अंगावरून फिरते आणि तळहात पॉलिशवरून. ही नजर आणि हा स्पर्श वायफळ नसतो. वाद्याचा रंग म्हणजे ते कुठल्या मातीचे, कुठल्या झाडाचे, कुठल्या जनावराचे आणि कोणाच्या हातचे याची लिहून ठेवलेली नोंदच असते. ती वाचता आली पाहिजे.

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडच्या दोन तालुक्यांत ही नोंद चांगली वाचता येते. हे दोन्ही महाल पूर्वी वाडीकर सावंत-भोसल्यांच्या अमलाखाली होते. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ते पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे १७८८ मध्ये. सासष्टी-बारदेशात सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मांतराची जी लाट आली होती तिचा जोर तोवर ओसरला होता. त्यामुळे या 'नव्या काबिजादी'त देवळे जागच्या जागी राहिली, आणि देवळांबरोबर त्यांची वाद्येही राहिली. घरात कोंकणी, आरतीत मराठी ही इथली रीत. भाषेच्या वादात १९६७ चा जनमत कौल झाला, १९८७ चा राजभाषा कायदा झाला, दोन्ही बाजूंनी पुष्कळ कटुता आली. पण चतुर्थीच्या रात्री घुमट कोणाच्या गळ्यात असावे यावरून कधी भांडण झालेले मी ऐकले नाही.

घुमटापासूनच सुरुवात करू. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मडके. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधायचे, लहान तोंड उघडे ठेवायचे. एका हाताने कातड्यावर वाजवायचे आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने मागचे तोंड झाकत-उघडत आतली हवा खेळवायची. त्या झाकण्या-उघडण्यातच घुमटाचे सगळे बोलणे आहे. जोडीला शामेळ आणि कासाळे आली की आरती उभी राहते. तिकडे जुन्या काबिजादीत हेच घुमट व्हायोलिनच्या संगतीने मांड्याला साथ करते. दोन्ही धर्मांच्या घरांत तितक्याच हक्काने नांदणारे दुसरे वाद्य गोव्यात दाखवणे कठीण.

या घुमटाचा रंग तांबडा. तो कोणी दिलेला नाही, तो मातीतूनच येतो. डिचोली हे कुंभारकामाचे नावाजलेले गाव. तिथल्या मातीत लोह आहे. भट्टीत हवा मोकळी खेळली की हे लोह तांबडे होते, धूर कोंडला की तीच माती काळी पडते. म्हणजे घुमटाचा वर्ण बघून त्याची भट्टी कशी लागली हे सांगता येते. सगळीकडून सारखे तांबडे असेल तर भाजणी एकसारखी; एका अंगाला काळा डाग असेल तर तिथे ज्वाळा पोचली नाही, धूर बसला. जुना वादक घुमट घेताना ते उजेडात फिरवून बघतो आणि मग बोटाच्या पेराने टिचकी मारतो. डोळ्यांनी आणि कानांनी तो एकच गोष्ट तपासत असतो : मडके पक्के भाजले आहे की कच्चे. अलीकडे ऑइलपेंटने रंगवलेली घुमटेही दिसतात. मिरवणुकीत ती शोभतात, पण रंगाखाली भाजणी दिसत नाही म्हणून जुनी माणसे त्यांना नाक मुरडतात. मला त्यांचे म्हणणे पटते.

लोहाचा हा महिमा तेवढ्यावर संपत नाही. ज्या डिचोलीच्या डोंगरांतून लोहखनिज काढून जहाजांत भरले, ज्याच्या धुळीने रस्त्याकडेची झाडे वर्षानुवर्षे तांबडी दिसत राहिली, त्याच लोहाचा कीस मृदंगाच्या आणि तबल्याच्या शाईत असतो. घुमटाच्या अंगावर लोह तांबडे, मृदंगाच्या तोंडावर काळे. मृदंगाचे खोड फणसाचे असले तर नवे असताना पिवळे दिसते आणि हाताळून-हाताळून मधासारखे, मग तपकिरी होत जाते. त्याला रंग लावण्याची गरज पडत नाही. वयच त्याचा रंग ठरवते.

घुमटाच्या तोंडावरचे कातडे मात्र आता पूर्वीचे राहिलेले नाही. पूर्वी ते घोरपडीचे असे. करड्या-पिवळसर अंगावर बारीक दाणे, मधूनमधून काळसर ठिपके. ते ओले असताना ताणून दोरीने आवळायचे. वाळले की ताठ बसायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले. ती पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार करणाऱ्याला किमान तीन वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा शेळीचे कातडे आले. ते पांढरट, गुळगुळीत आणि दाण्यांवाचूनचे.

या बदलावर पहिली तक्रार कानांची नव्हती, डोळ्यांची होती. पांढरे तोंड बघून 'हे घुमट नव्हे' असे म्हणणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांनी ते वाजवूनही बघितले नव्हते. वाजवल्यानंतरची तक्रार निराळी आणि तिच्यात तथ्य आहे. चतुर्थी येते भाद्रपदात. हवेत ओल असते. शेळीचे कातडे ओल धरते, सैल पडते आणि आरती अर्ध्यावर असताना आवाज बसतो. मग ते शेकोटीवर धरून तापवावे लागते. घोरपडीचे कातडे पातळ असून चिवट. ते इतक्या लवकर हार मानत नसे. पण म्हणून कायदा चुकीचा ठरत नाही. जे जनावर आपल्या रानातून नाहीसे होत चालले त्याच्या जिवावर आरती म्हणायची आणि ती देवाला पोचावी अशी अपेक्षा धरायची, हे धर्माच्या हिशेबातही बसत नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. हा मान शेळीच्या कातड्याच्या घुमटालाच मिळाला आहे, हे लक्षात ठेवावे. आज विशीत असलेल्या वादकाला पांढऱ्या तोंडाचेच घुमट ओळखीचे आहे. घोरपडीचे त्याला दाखवले तर तेच परके वाटेल. डोळा एका पिढीत सवय मोडतो. कानाला थोडा अधिक वेळ लागतो इतकेच.

डिचोलीकडून पेडण्याकडे वळले की तांबडा रंग मागे पडतो आणि काळा पुढे येतो. पेडणे हे दशावताराचे घर. सिंधुदुर्गात जशी जत्रेची रात्र दशावताराशिवाय उजाडत नाही, तशीच पेडण्यातही नाही. दशावतारी रंगमंचावर पेटी, मृदंग आणि झांज एवढाच संसार. त्यातली पेटी बहुधा पायपेटी. पायाने भाता हलवायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. मूळ हार्मोनियम पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅंने १८४० च्या सुमारास घडवले तेही पायाचेच होते. हाताच्या भात्याची पेटी नंतर कलकत्त्यात झाली. १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्यानंतर संगीत नाटकांनी पेटीची गोडी गावोगाव पोचवली. पेटीवादनात पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर हे नाव किती मोठे होते ते जुन्या रसिकांना सांगायला नको. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर हे बोरीचे.

दशावतारातल्या पेटीवाल्याला पेटी गर्द हवी असते, काळी किंवा काळपट तपकिरी. मला याचे कारण रंगमंचावरच दिसते. तिथे राजाच्या पोशाखाला, संकासुराच्या मुखवट्याला, स्त्रीपार्ट करणाऱ्याच्या शालूला रंग आहेत. रंग खेळाडूंनी घ्यायचे, वाद्यांनी अंधारात बसायचे, असा अलिखित करार आहे. शिवाय रात्रभर हाताळलेल्या, टेंपोतून गावोगाव फिरलेल्या पेटीवरचे ओरखडे काळ्यावर लपतात. देखणेपण आणि सोय इथे एकत्र नांदतात.

ही काळी झळाळी येते लाखेतून. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राळ सोडतो. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचा, यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात. नाव फ्रेंच, जिन्नस आपला. सावंतवाडीचे चितारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून खेळणी रंगवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. तीच ही लाख. तिला एक खोड आहे. पाणी बसले की ती पांढरी पडते. कोंकणच्या चार महिन्यांच्या पावसात पेटीच्या झाकणावर असे पांढरे चट्टे उमटतात, आणि श्रावण संपता संपता पॉलिशवाल्याची आठवण होते. आता मेलामाइन आणि पीयू पॉलिश आले आहे. त्यावर पाण्याचा डाग पडत नाही, पण ओरखडा गेला तर तेवढ्यापुरती दुरुस्ती नीट जमत नाही. लाखेचे पॉलिश म्हातारे होते आणि पुन्हा तरुण करता येते.

पॉलिशने सूर बदलतो का, हा जुना वाद आहे. पेटीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. तिचा आवाज आतल्या पितळी सुरांचा. ते पॅरिसचे आहेत, जर्मन आहेत की गुजरातेतल्या पालिताण्याचे, यावर तिची किंमत आणि गोडी ठरते. बाहेरच्या रंगाचा त्यात फारसा वाटा नाही. तारेच्या वाद्यांत मात्र अंग स्वतः कंप पावते, म्हणून तिथे वाद रंगतो. अमेरिकेत पेडल स्टील गिटार नावाचे वाद्य आहे. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी जी हवाईयन गिटार रागदारीत आणली तिची ही धाकटी बहीण. पायाने पेडल दाबून तारांचा ताण बदलायचा. तिचे वादक रंगाविषयी तासन्‌तास बोलतात. १९६३ मध्ये सुरू झालेल्या एमन्स कंपनीची काळी गिटार अनेकांच्या मनात घर करून आहे. त्याआधीच्या शो-बडच्या गिटारींवर मॅपलच्या लाकडाच्या रेषा दिसत, तो रंग दुसऱ्यांना प्यारा. आणि मुख्य भांडण असे की अंगावर लॅकर असावे की फॉर्मायका. लॅकरवाले म्हणतात आवाज उबदार येतो. फॉर्मायकावाले म्हणतात वाद्य टिकते. आपल्या लाख आणि पीयूच्या वादासारखेच हे नाही काय?

क्रेमोनाच्या स्ट्रादिवारीच्या व्हायोलिनांचे रहस्य वार्निशात आहे, असे दोन शतके सांगितले गेले. २००९ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी त्याच्या पाच वाद्यांवरचे थर तपासले. निघाले काय, तर तेल, राळ आणि थोडी तांबडी रंगद्रव्ये; त्यांत लोहाचा तांबडा रंगही होता. म्हणजे डिचोलीचे मडके ज्याने तांबडे झाले, तेच स्ट्रादिवारीच्या डब्यात होते. गुप्त मसाला कोणताच नव्हता. होता तो हात.

हाताचे हे म्हणणे मिरजेत पटते. गोव्याचे गवई तंबोऱ्यासाठी मिरजेकडेच पाहत आले. तिथे तंतुवाद्यांचा धंदा ज्यांनी उभा केला ते फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झळाळी देणारे. राज्ये गेली, तलवारी म्यानात गंजल्या, तेव्हा त्याच हातांनी भोपळा आणि लाकूड घासले. मिरजेच्या तंबोऱ्यावरची ती तांबूस झळाळी बघितली की मला तलवारीची आठवण येते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर एका वस्तूतून दुसरीत शिरला म्हणून ही कला जगली.

आता आपल्या दोन तालुक्यांचा हिशेब मांडू. १९४० पासून जवळजवळ तीन दशके आकाशवाणीने पेटीला दार बंद केले होते. पेटी मेली नाही, कारण गावच्या रंगमंचाला आणि भजनाला ती हवी होती. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आली. घुमट मेले नाही, कारण चतुर्थीला ते हवे होते. बंदीने वाद्य मरत नाही. ते मरते घडवणारा उठून गेला म्हणजे. कातड्याला पर्याय मिळाला, पॉलिशला पर्याय मिळाले. चाकावर बसून दोन तोंडांचे मडके ओढणाऱ्या कुंभाराला पर्याय नाही. त्याच्या घरची मुले आज नोकरीकडे बघतात आणि त्यांना दोष देता येत नाही. वर्षातून एकदा चतुर्थीआधी दोन मडकी घ्यायची आणि त्यातही भाव पाडून मागायचा, ही आपली राहटी असेल तर त्याने चाक का फिरवावे?

वारसा वाद्य ही पदवी चांगली आहे, पण पदवीने भट्टी पेटत नाही. भट्टी पेटते गिऱ्हाइकाने. ज्यांना घुमटाच्या तांबड्या वर्णाचा अभिमान आहे त्यांनी तो कुंभाराच्या अंगणात जाऊन, उजेडात फिरवून, टिचकी मारून, पुरते दाम मोजून घ्यावा. तोंडावरचे कातडे पांढरे असो. अंग डिचोलीच्या मातीचे आणि पक्क्या भाजणीचे असले म्हणजे ते आपलेच घुमट.