मारतहळ्ळीतील एक पत्र आणि बेघरपणाचा प्रशासकीय इतिहास

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला मारतहळ्ळी हे नाव ऐकले की थोडे कुतूहल वाटते. नावात 'मराठा' आहे काय, असा प्रश्न बेंगळूरुला नव्याने आलेला प्रत्येक जण एकदा तरी विचारतो. मरुत या लढाऊ विमानावरून हे नाव पडले, असे सांगणारेही भेटतात. व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही. मात्र या परिसराशी महाराष्ट्राचा एक संबंध निश्चित आहे. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने येथून जवळच विमानाचा कारखाना काढला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. कारखान्याच्या धावपट्टीवरून २००८ च्या मेपर्यंत शहराची प्रवासी विमानेही उडत. धावपट्टीच्या पलीकडचे हे खेडे बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि व्हाईटफील्डची संगणक-कार्यालये यांच्यामध्ये सापडले आणि पाहता पाहता गजबजले. कारखान्यातील तयार कपडे स्वस्तात विकणारी दुकाने, पेइंग गेस्ट म्हणून मुलामुलींना ठेवणाऱ्या इमारती, आंध्र पद्धतीच्या खाणावळी, मोबाईल दुरुस्तीची टपरी, पोळी-भाजीचे डबे पोहोचवणाऱ्या बायका असा हा बाजार आहे. यातील दुकानदार बाहेरचा, गिऱ्हाईक बाहेरचे आणि नोकरही बाहेरचा. मूळ गावकरी बहुधा जागामालकाच्या भूमिकेत दिसतो.

अशा वस्तीत आणखी एक वर्ग असतो. इमारतींच्या फाटकावर रात्रपाळी करणारा पहारेकरी, सोळाव्या मजल्यावर भांडी घासणारी बाई, कचरा वेचून त्याची वर्गवारी करणारे कुटुंब, बांधकामावरचा गवंडी. यांच्या पगारात पेइंग गेस्टची खाटही परवडत नाही. मग जवळपासच्या एखाद्या मोकळ्या सर्व्हे नंबरात मालक किंवा त्याचा मुकादम पत्र्याच्या, ताडपत्रीच्या झोपड्या उभारू देतो आणि दरमहा भाडे घेतो. करिअम्मन अग्रहार, कुंदलहळ्ळी, तुबरहळ्ळी, मुन्नेकोळाल या भागांत अशा वसाहती होत्या. त्यांत आसाम, त्रिपुरा, बंगाल, बिहार येथून आलेले लोक होते, तसेच कर्नाटकाच्याच उत्तरेकडील जिल्ह्यांतले, आपल्या सोलापूर-लातूरच्या शेजारचे लोकही होते.

१२ जानेवारी २०२० रोजी या भागाच्या आमदारांनी एक चित्रफीत प्रसृत केली. झोपड्यांत बेकायदा बांगलादेशी राहत असल्याचा संशय आणि परिसराच्या सुरक्षिततेची चिंता, असा तिचा आशय होता. त्याच सुमारास पोलिसांनी जागामालकाला झोपड्या हटवण्याची नोटीस दिली. वीज आणि पाणी तोडले गेले. १८ जानेवारीला तेव्हाच्या बृहत् बेंगळूरु महानगरपालिकेच्या मारतहळ्ळी उपविभागातील अभियंत्याने पोलिसांना पत्र लिहून बंदोबस्त मागितला. झोपड्यांमुळे परिसराला बकालपणा आला आहे, राहणारे लोक बेकायदा आहेत, तक्रारी आल्या आहेत, एवढाच मजकूर. त्या शनिवार-रविवारी यंत्रे आली आणि शंभराहून अधिक झोपड्या जमीनदोस्त झाल्या. रहिवासी आधार कार्डे, मतदार ओळखपत्रे आणि आसामातून आलेले काही जण तेथील नागरिक नोंदवहीतील नावांचे कागद हातात घेऊन उभे होते. ते कागद पाहण्याचे काम कोणाकडे सोपवलेलेच नव्हते.

प्रशासनाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. हे लोक शुक्रवारी बेघर नव्हते. त्यांचे घर वाईट होते, शौचालयाविना होते, आगीला धार्जिणे होते, परंतु ते भाड्याचे घर होते. सोमवारी ते बेघर झाले, आणि तेही सुरक्षिततेच्या नावाने. बेघरपणाला आपण दारिद्र्याचे किंवा दुष्काळाचे अपत्य समजतो. ते खरेही आहे. तथापि बेघर माणसांचा एक मोठा भाग कचेरीत, टिपणीच्या चार ओळींतून निर्माण होतो, याची नोंद कोणत्याही जनगणनेत होत नाही.

अशा टिपणीला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये १८२४ साली भटक्यांविरुद्ध कायदा झाला. त्याची छाया आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेवर पडली. १८९८ च्या संहितेतील कलम १०९ नुसार, ज्याला उपजीविकेचे उघड साधन नाही किंवा जो स्वतःविषयी समाधानकारक माहिती देऊ शकत नाही, अशा माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई. त्याने काही केलेले असण्याची गरज नव्हती. १९७३ च्या संहितेत हा भाग गळला. मात्र १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येतच बसवलेले आहे. कर्नाटकाने १९७५ मध्ये स्वतःचा कायदा केला. मारतहळ्ळीत सदनिका घेतलेल्या वाचकांनी आपल्या मालमत्ता कराची पावती एकदा बारकाईने पाहावी. या कायद्याखालील ३ टक्के भिक्षुक उपकर आपण त्यात भरलेला असतो. असो. सांगायचे हे की, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो संशयित, हे समीकरण कारकुनाच्या लेखणीत इतके मुरले आहे की ते वेगळे सिद्ध करावे लागते, हेच विसरले जाते.

ते सिद्ध करण्याची वेळ एकदा महाराष्ट्र शासनावर आली होती. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या सर्वांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळा होता. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३१४ आयुक्तांना रस्ता-पदपथावरील अतिक्रमण नोटिशीशिवाय काढण्याचा अधिकार देते. तेवढ्या आधाराने काम सुरू झाले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठाच्या अध्यक्षस्थानी होते.

१० जुलै १९८५ च्या त्या निकालपत्राचा उल्लेख 'जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो' या एका वाक्यासाठी नेहमी होतो. मला त्यातील माणसांचे तपशील अधिक बोलके वाटतात. एक अर्जदार अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरचा होता. गावी जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवी. गावातील घर पडले तेव्हा तो १९६९ साली मुंबईला आला आणि दरमहा ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तेथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिक यांना ७०० रुपये लागले. १९८० च्या जानेवारीत त्याची झोपडी पाडली गेली. त्याने ती पुन्हा बांधली. दुसरा अर्जदार तमिळनाडूतील सेलमचा. २३ जुलै १९८१ रोजी त्याचे बिऱ्हाड मोडून कुटुंबासह त्याला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको-मुली तिकडे राहिल्या, हा कामासाठी पुन्हा मुंबईच्या पदपथावर आला. एका बसभाड्याच्या खर्चात शासनाने एका कुटुंबाचे दोन तुकडे केले.

शासनाच्या प्रतिज्ञापत्रात एक आरोप होता. झोपडपट्टी आणि पदपथांवरील लोकांत गुन्हेगारीची विशेष प्रवृत्ती आढळते, असा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या १९७२ ते १९८१ दरम्यानच्या पाहण्या न्यायालयापुढे होत्या. त्यांनुसार पदपथवासीयांपैकी ५३ टक्के लोक भाजी, फुले, खेळणी, सुया-बटणे असे काहीबाही विकून स्वतःचा व्यवसाय करीत. ३८ टक्क्यांहून अधिक लोक मजुरीवर होते. केवळ १.७ टक्के लोक बेकार होते. मराठवाडा विद्यापीठाचा एक पदवीधरही त्यांत होता. आरोप या पाहण्यांशी विसंगत असल्याचे न्यायालयाने नोंदवले. मला येथे तुळशीवाडीचा तो गुंड आठवतो. ३०० रुपये वसूल करणारा तो, आणि देणारा संगमनेरचा कारागीर. सुरक्षिततेची चिंता वाहणाऱ्या प्रतिज्ञापत्रात वसूल करणाऱ्याविषयी काही नव्हते. आरोप होता तो देणाऱ्यावर.

याचा अर्थ दुकानदाराची तक्रार खोटी असते असा नव्हे. अर्ध्या रात्री शटर ओढणाऱ्या कापड दुकानदाराला पुलाखाली झोपलेल्या अनोळखी माणसांची भीती वाटते. कचरा जाळल्याचा धूर, उघड्यावरील शौच, भुरट्या चोऱ्या यांचा त्रास खरा असतो, आणि नगरसेवकाकडे तो जाणारच. पण या तक्रारींची उत्तरे शौचालय, दिवे, बीट पोलीस आणि कचऱ्याची गाडी ही आहेत. शिवाय अशा बाजारात रात्रीचा पहारा कोण करतो? १९६१ साली जेन जेकब्स यांनी अमेरिकन शहरांविषयी लिहिताना रस्त्यावरचे छोटे दुकानदार आणि त्यांची सतत उघडी असलेली नजर हीच रस्त्याची खरी राखण, असे मांडले होते. मारतहळ्ळीत ती नजर पुष्कळदा झोपडीत राहणाऱ्या पहारेकऱ्याचीच असते. फाटकावर ज्याच्याकडे किल्ल्या सोपवायच्या, तोच घरी गेल्यावर सुरक्षिततेला धोका ठरतो, हे विलक्षण आहे.

बेकायदा स्थलांतराचा प्रश्नही काल्पनिक नाही. त्यासाठी तेव्हा १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता. त्यात नागरिकत्व शाबित करण्याचा भार त्या व्यक्तीवरच होता, म्हणजे शासनाच्या हाती पुरेसे कडक साधन होते. पण ते व्यक्तीगणिक चौकशी मागते. पाडकामाच्या यंत्राला चौकशी करता येत नाही. खरोखर परदेशी असलेला एखादा असलाच, तर तो त्या रविवारी पुढच्या वस्तीत निघून गेला असेल, आणि त्याची कोणतीही नोंद कोणाकडे उरली नसेल.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. मुख्य न्यायमूर्ती होते ठाण्याचे अभय ओक, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने पुढील पाडकाम थांबवले. पोलीस निरीक्षकाने जागामालकाला अशी नोटीस कोणत्या कायद्याखाली दिली, हा न्यायालयाचा प्रश्न होता, आणि त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. सुनावणीत पाडकामाची जबाबदारी घेण्यास कोणीही पुढे येईना. पाडकामाला कायद्याचा आधार नसल्याचे प्रथमदर्शनी मत न्यायालयाने नोंदवले आणि पुनर्वसनाबाबत शासनाला विचारणा केली.

त्यानंतर तीन महिन्यांनी आलेला प्रसंग कादंबरीत घातला असता तर कृत्रिम वाटला असता. टाळेबंदीत अडकलेले परप्रांतीय मजूर गावी जाऊ पाहत असताना, ५ मे २०२० रोजी बांधकाम व्यावसायिकांशी झालेल्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर कर्नाटक शासनाने त्यांच्यासाठीच्या खास रेल्वेगाड्या रद्द करण्यास कळवले. कारण, मजूर गेले तर बांधकामे थांबतील. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत हा निर्णय मागे घेतला गेला. जानेवारीत ज्यांना 'जा' म्हटले होते, त्याच वर्गाला मेमध्ये 'थांबा' म्हटले गेले.

निवाऱ्यांचेही थोडक्यात सांगतो. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानुसार दर लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक कायम निवारा हवा होता. २०११ च्या जनगणनेत बेंगळूरुची लोकसंख्या ८४ लाख होती, म्हणजे ८४ निवारे. २०२० पर्यंत शहर या आकड्याच्या जवळपासही नव्हते. आणि असते तरी, भांडी घासणारी बाई दोन मुलांसह तेथे किती दिवस राहणार?

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले. पीठात अमरावतीचे भूषण गवई होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले. पंधरा दिवसांची लेखी नोटीस, नोंदणीकृत टपालाने, तिची जिल्हाधिकाऱ्यांना सूचना, म्हणणे मांडण्याची संधी, पाडकामाचे चित्रीकरण, आणि उल्लंघन झाल्यास अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने भरपाई करून देणे. हे शेवटचे कलम प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावे असे आहे. करिअम्मन अग्रहारातील झोपड्या खासगी जमिनीवर होत्या, त्यामुळे तशा प्रसंगी हे निर्देश लागू पडतील. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरील अनधिकृत बांधकामे न्यायालयाने यातून वगळली आहेत. संगमनेरच्या त्या जोडे शिवणाऱ्याची तुळशीवाडीची झोपडी पदपथावर होती. तिच्यासारख्या झोपडीला हे पंधरा दिवस मिळत नाहीत. तिच्यासाठी अजून १९८५ चाच निकाल आहे. त्यात नोटीस द्यावी असे म्हटले आहे. किती दिवसांची, ते सांगितलेले नाही.