बळदाचा बोळा

केम म्हटले की लोकांना कुंकू आठवते. मला आमच्या घरचे बळद आठवते. भिंतीतल्या त्या कोठारात ज्वारी वरच्या तोंडाने ओतायची आणि तळाचा बोळा काढून घ्यायची. त्यामुळे जुने दाणे आपोआप आधी जात्यावर जात, नवे वर थांबत. १८७६–७८च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला होता. धान्याला कीड लागू देणे आजीच्या लेखी पापच. १९७२ साली पाऊस पुन्हा रुसला. एके दिवशी बोळा काढला, तर धुळीशिवाय काही पडेना. रिकाम्या बळदाला हळदकुंकू लावत आजी म्हणाली, “त्याचा काय दोष?”

यंदा दिवाळीआधी डब्यांसाठी मी उतरत्या फळ्यांची मांडणी ठोकली. मागून भरायचे, पुढून काढायचे. तिलाही केमचेच कुंकू लावले.